रनिंग जास्त, किंमत कमी : जुनी स्टेशन वॅगन घ्यावी का?

या वेळी आलेल्या प्रश्नांत स्टेशन वॅगनचा भरणा आहे. लांब छत, मागे वर उघडणारं मोठं दार, सीट पाडल्या की माणूस आडवा झोपेल एवढी जागा. अशी गाडी नवी असताना महाग असते आणि रनिंग वाढलं की तिची किंमत झपाट्याने उतरते. ती उतरलेली किंमत बघूनच बहुतेकांनी लिहिलं आहे.

प्रश्न : बारा वर्षांची डिझेल वॅगन बघितली आहे. रनिंग २ लाख ४० हजार किलोमीटर, मालक एकच, सगळी बिलं आहेत म्हणतो. साधारण तेवढ्याच पैशांत त्याच वयाची, ९० हजार रनिंगची दुसरी वॅगनही मिळते आहे. घरचे म्हणतात, कमी रनिंगची घे. काय करू?

आधी भागाकार करा. पहिली गाडी वर्षाला २० हजार किलोमीटर चालली, दुसरी साडेसात हजार. वर्षाला २० हजार पडतात तेव्हा त्यातले बरेचसे लांबच्या रस्त्यावरचे असतात. इंजिनाची मोठी झीज थंड असताना, सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत होते. ऑइल घट्ट असतं, वरच्या भागांपर्यंत नीट पोचलेलं नसतं. हायवेवर एका दमात ८० किलोमीटर गेलेल्या गाडीने एकदाच थंड स्टार्ट घेतला. तेवढंच अंतर पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांनी कापणारीने सोळा वेळा. क्लच, ब्रेक, गिअर, स्टार्टर यांचंही तसंच. म्हणून ‘किती चालली’ याच्या आधी ‘कशी चालली’ हे विचारा. मालक रोज कुठून कुठे जायचा, गाडी दोन-दोन आठवडे उभी राहायची का, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन या शिक्षकाने १९६६ साली नवी घेतलेली व्होल्वो पी १८०० पुढे ३० लाख मैलांच्या, म्हणजे जवळपास ४८ लाख किलोमीटरच्या पलीकडे नेली. ती वॅगन नव्हती, पण कारण आपल्या कामाचं आहे. रोजचा लांबचा प्रवास, एकच हात आणि वेळच्या वेळी ऑइल.

पण म्हणून २ लाख ४० हजारांवर डोळे झाकून उडी मारू नका. एवढ्या रनिंगला काही कामं ठरलेली असतात : क्लच आणि त्यामागचं फ्लायव्हील, शॉकअप, सस्पेन्शनचे रबरी बुश, व्हील बेअरिंग, टायमिंग बेल्ट, इंजेक्टर, टर्बो. प्रश्न इतकाच, की ती झाली आहेत का तुमच्या वाट्याला येणार आहेत. मी कागदावर तीन रकाने करतो. पहिल्यात बिल दाखवता येतं अशी झालेली कामं, दुसऱ्यात दिसत असलेली निघणारी कामं, तिसऱ्यात ज्यांचं काहीच कळत नाही ती. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याचा खर्च गॅरेजमध्ये विचारून गाडीच्या किमतीत मिळवायचा. जे कळत नाही ते झालेलं नाही, असंच धरायचं. दोन्ही गाड्यांचा असा कागद करा. कमी रनिंगवाल्या गाडीचा तिसरा रकाना पुष्कळदा लांबलचक निघतो, कारण ‘गाडी चाललीच कुठे’ म्हणून मालकाने वर्षानुवर्षं ऑइलसुद्धा बदललेलं नसतं. वय झालेलं रबर मात्र किलोमीटर मोजत बसत नाही.

तुमच्या पत्रात लिहिलं आहे तशी सगळी बिलं खरोखर असतील आणि थंड इंजिन नीट सुरू होत असेल, तर मी २ लाख ४० हजारवाली घेईन.

प्रश्न : बघायला गेलो त्या तिन्ही वेळा मालकाने इंजिन आधीच सुरू करून गरम ठेवलं होतं. त्याने एवढा काय फरक पडतो?

फार पडतो. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं फोनवरच सांगा आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गोड शब्दांत दुसऱ्या दिवसाची वेळ मागा.

सेल्फ मारायच्या आधी चावी फक्त ऑनवर न्या. इंजिन, एअरबॅग, एबीएस हे दिवे लागलेच पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो कुणीतरी बंद करून ठेवला असण्याची दाट शक्यता आहे. मग सेल्फ मारा आणि पहिले दहा सेकंद फक्त ऐका. टायमिंग बेल्टऐवजी साखळी असलेल्या इंजिनात खडखड झाली आणि थांबली, तर ती टायमिंग चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर सैल झालेला असू शकतो. सोबतच्या माणसाला सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर कूलंट जळतंय, आणि मग संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीवर जातो. सुरुवातीची थोडी वाफ मात्र निरोगी गाडीतही येते, तिला घाबरू नका.

इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. भस्सकन धुराचा लोट आला तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर थकले आहेत. कूलंटच्या टाकीचं झाकण तापलेल्या इंजिनावर कधीही उघडू नका, ते थंड असतानाच बघून घ्यायचं. आत तेलाचा तवंग असेल तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न : विकणारा म्हणतो टायमिंग बेल्ट बदललाय, पण बिल नाही. गाडी मस्त चालते. विश्वास ठेवावा का?

बेल्टच्या बाबतीत ‘मस्त चालते’ याला काही अर्थ नाही. तुटण्याच्या मिनिटभर आधीही गाडी मस्तच चालत असते.

माझ्या पहिल्या वॅगनचा बेल्ट चालत्या गाडीत तुटला. आवाज नाही, धक्का नाही. मी ॲक्सिलरेटर दाबतोय आणि इंजिन मुकं. कडेला घेऊन सेल्फ मारला तर स्टार्टर नेहमीपेक्षा भराभर, हलका फिरला. कॉम्प्रेशन उरलंच नव्हतं. हेड उघडलं तेव्हा सोळापैकी आठ व्हॉल्व वाकलेले होते. मलाही ‘बदललाय’ असंच सांगितलं होतं, आणि मी ते मानलं होतं.

हा बेल्ट क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व एकाच जागेत येऊन जातात, फक्त वेगवेगळ्या वेळी. बेल्ट तुटला की ती वेळ चुकते आणि पिस्टन व्हॉल्ववर आदळतो. बदलायची मुदत इंजिनागणिक वेगळी असते : कुठे ६० हजार किलोमीटर, कुठे दीड लाखाच्या पुढे. शिवाय वर्षांचीही मर्यादा असते, आणि दोन्हींपैकी जी आधी येईल ती धरायची. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

वरचं कव्हर काढून बेल्ट बघितला तर भेगा दिसू शकतात, पण आजकालचे बेल्ट बाहेरून नव्यासारखे दिसत असताना तुटतात. म्हणून बिल लागतं. त्यावर बेल्टबरोबर टेन्शनर, बेल्टला वाट देणारी आयडलर पुली आणि बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपही हवा. नुसताच बेल्ट टाकला आणि जुना पंप पुढे जाम झाला, तर नवा बेल्टही त्याच्याबरोबर जातो. बिल नाही म्हणजे काम बाकी. पूर्ण संचाचा खर्च किमतीतून वजा करून मागा आणि गाडी घरी आणल्यावर सगळ्यात आधी हेच काम करा.

प्रश्न : आवडलेल्या वॅगनमध्ये मागे कुबट वास येतो. मागून ती जरा बसल्यासारखीही वाटते. हे किरकोळ आहे का?

या दोन गोष्टी विचारल्यात, बरं वाटलं. वॅगन बघताना लोक पुढचं इंजिन तपासतात आणि जिच्यासाठी वॅगन घ्यायची ती मागची बाजू तशीच सोडतात.

आधी वास. मागचं कार्पेट उचला, फळी काढा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. पाणी, गंज किंवा वाळलेल्या चिखलाची रेघ असेल तर पाणी आत येतंय. ते येतं छतावरच्या रेलच्या बोल्टमधून, टेललॅम्पच्या गॅस्केटमधून, दाराच्या रबरातून. आणखी एक जागा सहसा कुणी बघत नाही. मागच्या काचेच्या वायपरला पाणी नेणारी बारीक नळी छतातून, बिजागरीजवळच्या रबरी भात्यातून दारात जाते. हजारो वेळा दार वर-खाली झालं की ती तिथे सुटते किंवा चिरते. मग वॉशर दाबला की पाणी काचेवर न येता छताच्या अस्तरात जातं. मागचा वॉशर आवर्जून चालवून बघा. मोटर आवाज करतेय आणि काच कोरडीच, तर ते पाणी कुठे गेलं? त्याच भात्यातून वायरीही जातात आणि त्याही आतल्या आत तुटतात. मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा, काचेची हीटिंग, लॉक यांपैकी दोन-तीन गोष्टी बंद दिसल्या तर सगळ्यात आधी तिथे बघायचं.

गळती शोधायची माझी पद्धत साधी आहे. मी टॉर्च घेऊन मागे आडवा पडतो, दार लावून घेतो आणि मित्राला छताच्या एका टोकापासून हळूहळू पाणी ओतत यायला सांगतो. एका गाडीत बराच वेळ काही दिसेना. मग टेललॅम्पच्या मागे, पत्र्याच्या कडेवर एक थेंब फुगला, थरथरला आणि खाली घसरला. गॅस्केट बदललं, काम संपलं. पण हीच गळती वर्षानुवर्षं तशी राहिली तर खालचा पत्रा खाते. काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मागच्या बाजूच्या कप्प्यात असतात, तिथे पाणी गेलं तर खर्च फारच वाढतो. वास नवा आहे का जुना, हे गंजावरून ओळखा.

आता बसलेली मागची बाजू. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. स्प्रिंग थकली असेल तर ती बदलणं फार मोठं काम नाही. पण आधी बघा, गाडीला मागे सेल्फ-लेव्हलिंग आहे का. वजन टाकलं तरी मागची उंची राखणारी ही यंत्रणा अनेक मोठ्या वॅगनमध्ये असते : कुठे हवेच्या पिशव्या, कुठे हायड्रॉलिक, तर कुठे चालता चालता स्वतःच पंप होणारे खास शॉकअप. या खास शॉकअपसोबतच्या स्प्रिंगा मऊ असतात. आधीच्या मालकाने पैसे वाचवायला साधे शॉकअप टाकले असतील तर गाडी बसणारच, आणि ती नीट करायची तर स्प्रिंगाही बदलाव्या लागतील.

मागे ट्रेलरचा हुक असेल तर काय ओढलं ते विचारा. वर्षातून दोनदा हलकी ट्रॉली ओढणं वेगळं आणि दर आठवड्याला जड होडी किंवा कॅरव्हॅन (चाकांवरची खोली) ओढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात क्लच आणि गिअरबॉक्स मीटरवरच्या आकड्यापेक्षा बरेच म्हातारे असतात.

प्रश्न : मीटर मागे फिरवलाय हे कसं ओळखायचं?

कागदांवरून. सर्व्हिसची बिलं, तपासणीचे दाखले, टायरचं बिल, जिथे जिथे तारखेबरोबर रनिंग लिहिलं आहे ते सगळं क्रमाने लावा. आकडा कुठे मागे गेला किंवा दोन वर्षं जागचा हलला नाही, तर कारण विचारा. मग पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं झिजून चकचकीत झालेलं कातडं बघा. वॅगनमध्ये आणखी एक साक्षीदार असतो : सामान आत ओढताना घासणारी मागच्या दाराची खालची कड. ८० हजारांचा मीटर आणि पांढरी पडलेली, खरवडलेली कड एकमेकांना शोभत नाहीत. टायरवरचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

प्रश्न : रोजचं माझं जाणं-येणं सहा किलोमीटरचं. स्वस्तातली डिझेल वॅगन परवडेल ना?

नाही, तुम्ही पेट्रोल बघा. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जाळावी लागते आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने पळावी लागते. सहा किलोमीटरमध्ये तुमचं इंजिन नीट तापणारही नाही. जाळण्याची प्रक्रिया सुरू होऊन अर्ध्यावर तुटत राहिली की त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, ते पातळ झालेलं असतं. हायवेवर सुखाने चाललेली डिझेल वॅगन तुमच्याकडे येऊन वर्षभरात आजारी पडेल, आणि त्यात तिचा काही दोष नसेल.

प्रश्न : ऑटोमॅटिक आहे. मालक म्हणतो, गिअर ऑइल आयुष्यभराचं असतं, बदलायचं नसतं.

ऑइल आयुष्यभर टिकतं, असं मला एवढ्या वर्षांत कधी दिसलं नाही. बिल असेल तर उत्तम. नसेल तर गाडी गरम झाल्यावर चढावर चालवा, डी आणि आर मध्ये सावकाश टाकून बघा. धक्का, उशीर किंवा गिअर बदलताना इंजिनाचे आरपीएम उगाच चढणं, यांपैकी एक जरी जाणवलं तरी सोडा.

प्रश्न : गाडी मनात भरली आहे. पण मालक माझ्या मेकॅनिकला दाखवायला तयार नाही. म्हणतो, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय.

येऊ दे त्याला. इतकं रनिंग झालेली गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय घ्यायचीच नाही. दारांखालच्या सिलचा पत्रा, मागचं सस्पेन्शन धरणारा सबफ्रेम, ब्रेकचे पाइप यांचा गंज उभ्याने दिसत नाही. मालकाला एकदा शेवटचं विचारा : तपासणीचे पैसे मी देतो, गॅरेज तुम्ही म्हणाल त्याच्या जवळचं घेऊ, गाडी तुम्हीच चालवत आणा. एवढ्यावरही नाही म्हणाला तर टोकन देऊ नका. तुमचं मन बसलं आहे हे पत्रातून कळतंय, म्हणून आणखी एक सांगतो. बघायला जाताना ज्याला ती गाडी आवडलेली नाही असं कुणीतरी सोबत न्या, आणि बोलणी त्यालाच करू द्या.