घाटात गाडी लागू नये म्हणून काय करावं?

प्रश्न असा आहे: "सांगलीहून कारने महाबळेश्वरला जायचंय. मुलगी सात वर्षांची आहे. तिला आणि सासूबाईंना, दोघींनाही गाडी लागते. मागच्या वेळी पसरणी घाटात फार हाल झाले. गोळी द्यावी का? गाडी मिस्टर चालवतात, ऑटोमॅटिक आहे."

ताई, मी साताऱ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. वाई-पाचगणी-महाबळेश्वर, कास, कोयनेवरून खाली चिपळूण, हेच माझे रोजचे रस्ते. गाडी लागणारं माणूस मागे बसलेलं असणं ही माझ्यासाठी नेहमीची गोष्ट आहे, म्हणून या विषयावर मी बरंच वाचलंय आणि डॉक्टरांना विचारलंयही. गोळीचं पुढे सांगतो. आधी मिस्टरांसाठी लिहितो, कारण माझं स्पष्ट मत आहे की गाडी लागणं न लागणं बरंचसं चालवणाऱ्याच्या पायात असतं, आणि त्याच्याशी कुणी बोलतच नाही.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. त्यात पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. गाडी वळली, थांबली, उसळली की कान मेंदूला कळवतो, "आपण हललो." डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर असले तर ते कळवतात, "आपण जागेवरच आहोत." या दोन उलट निरोपांतून मळमळ सुरू होते. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसतं आणि त्याचं अंग त्यासाठी तयार असतं. मागच्याला ते वळण अचानक येतं.

खड्ड्यांच्या धडधडीने माणूस वैतागतो, पण उलटी सहसा त्याने होत नाही. सगळ्यात वाईट असतो तो संथ हेलकावा, साधारण पाच-सहा सेकंदांना एक. बोट लागते ती त्यानेच. घाटात डावं वळण, उजवं वळण, ब्रेक, पिकअप, पुन्हा ब्रेक, हे सगळं नेमकं त्याच लयीत येतं. म्हणून गुळगुळीत रस्त्यावर, मऊ सस्पेन्शनच्या मोठ्या गाडीतसुद्धा लोक उलट्या करतात.

मिस्टरांना सांगा, सासूबाईंच्या मांडीवर आमटीचं पातेलं आहे असं समजून घाट चढायचा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर आणि हळू लावायचा. वळणात वेग एकसारखा ठेवायचा. वळण सरळ झाल्यावरच ॲक्सिलरेटर द्यायचा, तोही हळूहळू. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं, म्हणजे तिने ब्रेक मारला की आपल्यालाही मारावा लागत नाही. ओव्हरटेकची घाई अजिबात नको. वाई ते पाचगणी, म्हणजे हा पसरणी घाटाचा रस्ता, जेमतेम 12-13 किलोमीटर आहे, पण तेवढ्यात वाईच्या सुमारे 700 मीटर उंचीवरून पाचगणीच्या 1,300 मीटरच्या आसपास जायचं असतं. तिथे दहा मिनिटं वाचवून काही मिळत नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी एक: पाय उचलला की गाडी आपोआप जोरात आवळली जाते, ती सेटिंग कमी ठेवा. मागे बसणाऱ्याला तो झटका फार बाधतो.

बसण्याची जागा. सासूबाई पुढे, यात वाद नाही. मुलीलाही पुढे बसवा असं लोक सांगतील, ते ऐकू नका. समोरची एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाची असते, लहान मुलाला तिने गंभीर इजा होऊ शकते. तिला मागे मधोमध बसवा, म्हणजे दोन सीटांच्या फटीतून समोरचा रस्ता दिसेल. त्यासाठी मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा हवा, आधी बघून घ्या. नसेल तर ती कडेला बसेल. खाली मुलांचं बूस्टर सीट द्या. उंची कमी असल्याने मुलांना दाराचा पत्रा आणि सीटची पाठच दिसते, आणि त्यांना जास्त त्रास होण्याचं ते एक कारण आहे. वयही तसंच आहे: दोन ते बारा वर्षांपर्यंत हा त्रास सगळ्यात जास्त असतो, पुढे बऱ्याच जणांचा कमी होतो.

हायवे सोडून वाईकडे वळतो त्या पाचवड फाट्याला मोबाइल काढून घ्या. मुलगी रडली तरी चालेल. कार्टून बघत घाट चढणं म्हणजे उलटीला आमंत्रण. त्याऐवजी लांबचा डोंगर, पुढचं वळण, धोम धरणाचं पाणी कधी दिसतं, असं काही शोधायला लावा. आणखी एक साधी गोष्ट: गाडी ज्या बाजूला वळते त्या बाजूला डोकं थोडं कलतं करायचं. चालवणारा हे नकळत करतो, बाकीचे उलट्या बाजूला फेकले जातात. मुलांना हा खेळ आवडतो आणि त्याचा उपयोग होतो हे प्रयोगांतही दिसलंय. पावसाळ्यात जाणार असाल तर पाचगणीच्या अलीकडेच ढगात शिराल, बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसणार नाही. तेव्हा उलट करा. डोळे मिटायचे, डोकं मागे घट्ट टेकवायचं, झोप लागली तर उत्तम.

गाडीत टांगलेलं अत्तर, सेंट, उदबत्ती निघायच्या आदल्या दिवशीच काढून टाका. वासाने मळमळ वाढते. ट्रकचा धूर समोर असेपर्यंत हवा आतल्या आत फिरू द्या, एरवी बाहेरची हवा घ्या. खिडकी थोडी उघडी ठेवा, पण गाडी थांबल्यावर काच वर करा. पसरणी घाटातली माकडं हातातला पुडा ओढून नेतात.

खाण्याचं. उपाशी पोटी निघणं चुकीचं, आणि हायवेला मिसळ-वडा चेपणंही चुकीचं. घरून निघताना दहीभात किंवा कोरडी पोळी, नंतर अधूनमधून साधं बिस्किट, मूठभर मुरमुरे, घोटघोट पाणी. आलेपाक जवळ ठेवा. आमच्या जिल्ह्यात आलं भरपूर पिकतं म्हणून कौतुकाने सांगत नाही. सुंठीवर प्रयोग झालेत, काहींत उपयोग दिसला, काहींत नाही. अपाय नाही, मुलं आवडीने चघळतात, एवढं पुरेसं आहे. लिंबू हुंगायचं असेल तर हुंगा. मळमळ थांबावी म्हणून मनगटाला बांधायच्या पट्ट्या मिळतात, त्यांवर मी पैसे घालणार नाही.

आता गोळी. हो, उपयोग होतो, पण दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, ती आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. प्रोमेथाझिनसारखी औषधं साधारण तास-दोन तास आधी घेतात. सांगलीहून पेठ नाका, कराड, सातारा करत वाईला पोचायला तीन तास तरी जातात, म्हणजे घाट उशिरा येणार. हे डॉक्टरांना सांगा आणि गोळी कधी द्यायची ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. दुसरी गोष्ट, मुलीचा डोस वजनावर ठरतो. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देऊ नका. सासूबाईंना काचबिंदू असेल, लघवी अडत असेल, झोपेची किंवा आणखी काही औषधं चालू असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. या गोळ्यांनी झोप येते, वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो किंवा गोंधळल्यासारखं होऊ शकतं. चालवणाऱ्याने तर घ्यायचीच नाही. आणि पोट बिघडल्यावर मुलांना दिलेलं ओंडान्सेट्रॉनचं सिरप घरात उरलेलं असतं, ते गाडी लागण्यावर फारसं चालत नाही. मळमळीची ती वाट वेगळी आहे.

लहान मूल "मळमळतंय" असं म्हणत नाही. ते गप्प होतं. जांभया देतं, सारखं थुंकी गिळतं, ओठांभोवती पांढरं पडतं, कपाळाला गार घाम येतो, किंवा "पोटात दुखतंय" म्हणतं. उलटी अजून थोडी लांब असते, त्याच वेळी थांबायचं. वळणावर नाही, रुंद जागा बघून. खाली उतरवून चालवा, लांब बघायला लावा. तोंडावर रंग आला म्हणजे बरं वाटलं असं नसतं, आत ते अजून ओसरत असतं. आणखी दहा मिनिटं द्या. झाकणाचा डबा किंवा जाड पिशवी मुलीच्या हातातच असू द्या, डिकीत नको. आणि कळकळीची विनंती: घाटाच्या आधी "आता तुला होणार बघ" असं कुणी म्हणू नका. भीतीने त्रास वाढतो, आणि उलटी झाल्यावर मूल आधीच ओशाळलेलं असतं.

रस्ता वाईचाच धरा. साताऱ्याहून मेढा-केळघर असाही जातो, पण मुलगी आणि सासूबाई सोबत असताना मी पसरणीचा रुंद रस्ताच घेतो. सांगली पहाटे सोडा. शनिवारी दहानंतर घाटात गाड्यांची रांग लागते, आणि थांबत-थांबत चढण्यासारखा त्रास दुसरा नाही.

परतीचं लोक विसरतात. जाताना सगळे जपून खातात, येताना भरपेट जेवण, कॉर्न पॅटिस, वर स्ट्रॉबेरी-क्रीम, आणि लगेच उतार. उतरताना ब्रेक जास्त लागतो, म्हणून हेलकावेही जास्त. ऑटोमॅटिकचा लिव्हर डी वर न ठेवता खालच्या गिअरवर किंवा मॅन्युअलवर घ्या, इंजिनच गाडी आवरून धरेल आणि ब्रेकही तापणार नाहीत. जेवण हलकं ठेवा, स्ट्रॉबेरी पेटीत घ्या आणि घरी खा. गोळी दिली असेल तर परतीच्या डोसचंही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, कारण येताना घाट लवकरच लागतो.