मापात पाप नको

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. सगळ्यात खाली प्रश्न एकच: "सर, पैसे जमत नाहीत, सोलापूरची दहा किलोमीटरची शर्यत यंदा रद्द करू का?" आणि सोबत त्या इव्हेंटवाल्यांचं कोटेशन. कमान, टी-शर्ट, चिपचं टायमिंग, मेडल, झुंबा, ड्रोन, डीजे, पाहुण्यांचं मानधन, सगळ्यापुढे रक्कम लिहिली आहे. रस्ता कोण मोजणार, याची मात्र त्यात एक ओळसुद्धा नाही. फोनवर तुला तेच विचारलं, तर म्हणालीस, "अ‍ॅपवर १०.०४ किलोमीटर येतंय सर, झालं की." पुढे फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसलो.

रद्द करायचं नाही. पैशांसाठी तर नाहीच नाही. न्यूयॉर्कची मॅरेथॉन आज जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतींत मोजतात. १९७० साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा प्रवेश फी एक डॉलर होती आणि सगळा खर्च मिळून हजार डॉलरच्या आसपास. १२७ जण धावले, ५५ जणांनी पूर्ण केली. शहरभर रस्ते अडवले नाहीत, एका बागेतच फेऱ्या मारल्या. बक्षिसाला स्वस्तातली घड्याळं आणि कुठल्या कुठल्या खेळांच्या उरलेल्या ट्रॉफ्या. कुणाचं काही अडलं नाही. ती शर्यत मोठी झाली, १९८१ मध्ये तिथे अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटं १३ सेकंद अशी जगातली सर्वांत वेगवान वेळ दिली, आणि पुढे रस्ता पुन्हा मोजला तर सुमारे दीडशे मीटर कमी भरला. वेळ विक्रमांच्या यादीतून गेली. त्या माणसाने धावण्यात काही कसर ठेवली नव्हती, कमी पडला तो रस्ता. तेव्हा पैसा होता, कॅमेरे होते, सगळं होतं.

म्हणून तुला सांगतो, बाकी सगळं उसनं आण, मागून आण, नाही मिळालं तर सोडून दे. मापात पाप नको.

तू म्हणशील, दहा किलोमीटरला पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे झाले तर सोलापुरात कोण बघतंय. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. ते ऐकलं की मला एक मुलगा आठवतो. पूर्व भागातला, आई विड्या वळणारी, घरी तेलुगू बोलणारा. एसआरपीएफमध्ये, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलात, जायचं त्याच्या डोक्यात होतं. त्या भरतीत पाच किलोमीटर धावावं लागतं, तुला माहीतच आहे. इथल्याच एका 'पाच किलोमीटर'च्या शर्यतीत तो सतरा मिनिटांत आला. सर्टिफिकेट मिळालं, घरी फ्रेम करून लावलं. भरतीच्या मैदानावर तेच पोरगं एकोणीस मिनिटांच्या वर गेलं. त्याला वाटलं अंगातलं बळ गेलं, काहीतरी आजार झाला, आपल्याच्याने होत नाही. माझ्याकडे आला तेव्हा मान वर करत नव्हता. मी नंतर जाऊन तो रस्ता मोजला. चार किलोमीटर चारशेच्या आसपास भरला. म्हणजे पोरगं पहिल्यापासून एकोणीस मिनिटांचंच होतं! आणि खरा आकडा वेळेवर कळला असता तर दोन मिनिटं कमी करायला त्याच्या हातात आख्खं वर्ष होतं. हे त्याला सांगायला गेलो तोवर तो पुण्याला सिक्युरिटीच्या कामावर निघून गेला होता. ती फ्रेम भिंतीवर तशीच होती.

आपल्याकडे सकाळी मैदानावर जी पोरं दिसतात त्यातली निम्मी भरतीवाली. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि वेळेवरून मार्क. त्यांच्यासाठी तुझी शर्यत म्हणजे रविवारची मजा नाही, वर्षातून एकदा स्वतःला खऱ्या मापावर तपासून घ्यायची जागा आहे. मुंबईतल्या मुलाला महागडं घड्याळ, कोच, ट्रॅक सगळं मिळतं. आपल्या पोरांना निदान सोलापूरचा किलोमीटर तरी मुंबईच्या किलोमीटरएवढा मिळू दे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा उशीर झाला म्हणून एखादं लिंग कुणी गाळतं का? मग तुझ्या शर्यतीतले शंभर मीटर का गाळायचे?

आता त्या अ‍ॅपचं. फोन उपग्रहाकडून तुझी जागा घेतो आणि प्रत्येक वेळी थोडी इकडेतिकडे घेतो. सरळ रस्त्यावरही त्याची रेघ नागमोडी पडते आणि नागमोडी रेघ नेहमीच लांब भरते. शिवाय तू चालत मोजलंस ते रस्त्याच्या कडेने, वळणाला बाहेरून. धावणारा आतून कापून जाणार. म्हणजे अ‍ॅपवर १०.०४ दिसतं तेव्हा रस्ता बहुतेक दहाला कमीच असतो. हे मी तुला वर्गात शिकवलं होतं, मागच्या बाकावर बसून तू ऐकलं नसशील.

मोजायचं सायकलने. जगभर हीच पद्धत आहे, टेड कॉर्बिट नावाच्या धावपटूने १९६४ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली आणि अमेरिकेत ती रुजवली. चाकाला लावायचा जोन्स काउंटर नावाचा छोटा मोजयंत्र मिळतो. आपल्याकडे तो नाही आणि त्यावाचून अडतही नाही. आधी सपाट, सरळ रस्त्यावर स्टीलच्या टेपने तीनशे मीटर आखून घ्यायचे. कापडी टेप नको, तो ताणला जातो. स्टीलचा टेप वीस अंश तापमानाला बरोबर असतो, चाळीस अंशांच्या उन्हात तीनशे मीटरला सात सेंटिमीटरचा फरक पाडतो. म्हणून हे काम डिसेंबरच्या पहाटे करायचं, एप्रिलच्या दुपारी नाही. दोन्ही टोकांना खिळा ठोकून रंग लावायचा. मग पुढच्या चाकाच्या रिमवर व्हॉल्व्हपाशी खूण करून ते तीनशे मीटर चार वेळा चालवायचे, चाक किती फिरलं ते मोजायचं, उरलेला तुकडा स्पोक मोजून धरायचा. साध्या सायकलला साधारण एकशे त्रेचाळीस फेरे येतात, तुझ्या सायकलला किती येतात ते तूच काढायचंस. यावरून एका फेऱ्याची लांबी निघते. त्यानंतर शर्यतीचा रस्ता मोजायचा आणि संपला की परत येऊन तीनशे मीटर पुन्हा चार वेळा. कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, चाक मोठं होतं, सकाळचा फेरा आणि नऊ वाजताचा फेरा सारखा राहत नाही. दोन्हीतली लहान लांबी धरायची.

सायकल चालवायची तीही धावणारा जाईल त्या सगळ्यात जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून एक फूट सोडून. एवढं करूनही चूक राहते, म्हणून हजारी एक जास्त टाकतात. दहा किलोमीटरला दहा मीटर. कुणी म्हणेल दहा मीटर फुकट पळवले. पळू दे. जास्त भरलेलं चालतं, कमी भरलेलं चालत नाही.

तुझा नकाशा पाहिला. चार पुतळ्यापासून निघून नव्या पेठेतून, किल्ल्याला वळसा घालून. बघायला छान आहे, पण वळणं फार, प्रत्येक चौकात पोलीस लागणार, आणि प्रत्येक वळण म्हणजे मोजण्यात चूक शिरायला जागा. विजापूर रोडचा विचार तर सोडूनच दे. जानेवारीत गळीत हंगाम जोरात असतो, अंधारात उसाच्या ट्रॉल्या येतात आणि मागे धड लाल दिवासुद्धा नसतो. जुळे सोलापुरात आतल्या रस्त्यांवर अडीच किलोमीटरची एक फेरी बसव आणि चारदा घ्यायला लाव. अडीच किलोमीटर म्हणजे चाकाचे बाराशेच्या आतले फेरे, दोन मुलं सहज मोजतात. फक्त लक्षात ठेव, फेरीत पाच मीटरची चूक झाली तर शेवटी ती वीस मीटर होते. म्हणून फेरी दोनदा मोजायची. फेरीचा दुसरा फायदा खर्चाचा: पाण्याचं एकच टेबल चार वेळा कामी येतं, आणि डॉक्टर नि रुग्णवाहिका कुठूनही जवळच असतात. त्या दोन गोष्टींवर पैसे वाचवायचे नाहीत हे तुला सांगायला लागू नये.

फेरी चुकवणारे भेटतील. पहिल्या तीन फेऱ्या संपताना दर वेळी मनगटात वेगळ्या रंगाचं रबर घालायचं, शेवटी तीन रंग दाखवले तरच निकालात नाव. चिप कशाला हवी? अंतिम रेषेवर तीन जण उभे कर. एकाने घड्याळ बघून वेळ बोलायची, दुसऱ्याने लिहायची, तिसऱ्याने आलेल्याला दोरीच्या अरुंद वाटेत घेऊन बिबची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाची, खालची पट्टी फाडायची आणि तारेत ओवायची, दुकानदार बिलं खोवतो तसल्या तारेत. जो क्रम तारेत तोच निकालात. दोनशे माणसांपर्यंत यात गोंधळ होत नाही. दोनशेच्या वर घेऊच नकोस. दोनशे रुपये फी, दोनशे माणसं, चाळीस हजार. त्यात बसेल ते करायचं, नाही बसलं ते नाही.

पाणी जारमधून दे, बाटल्या नकोत. चार वेळा एकेक छोटा ग्लास धरला तर दोनशे जणांना सव्वाशे लिटरच्या आत लागतं, तू दुप्पट ठेव. टी-शर्टच्या जागी आपल्या यंत्रमागावरचा नॅपकिन दे. टॉवेलच्या गावात बाहेरून छापून आणलेले टी-शर्ट वाटायचे, मला पटत नाही. संपल्यावर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि केळी. सूचना तेलुगूतही सांगायला कुणीतरी असू दे. गड्ड्याच्या आठवड्यात तारीख धरू नकोस, पोलीस देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आता प्रायोजकाचं, कारण मला माहीत आहे तू मनात तेच धरून बसली आहेस. आम्ही इथे शर्यत घ्यायचो तेव्हा एका वर्षी एका दुकानदाराने निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एकच, अंतिम रेषा त्याच्या शोरूमसमोर हवी. ती जागा आमच्या खुणेच्या तीनशे मीटर अलीकडे होती. मी म्हटलं, मग सुरुवात तीनशे मीटर मागे नेऊ. मागे रेल्वे फाटक, जाता येईना. मी नाही म्हटलं. माझ्या बरोबरीने शर्यत उभी करणारा माझा मित्र म्हणाला, तीनशे मीटरसाठी तू सगळ्यांच्या तोंडचा घास काढतोस. त्या वर्षी बक्षिसं देता आली नाहीत. पुढच्या वर्षी तो माझ्याबरोबर नव्हता आणि मी एकट्याने किती दिवस ओढणार? शर्यत थांबली. अजून नव्या पेठेत तो समोरून आला की दुसऱ्या बाजूने जातो. त्याच्या मुलीच्या लग्नाला मला बोलावणं नव्हतं, हे मला लागलं आहे आणि लागतच राहील.

लोक म्हणतात तू हट्टापायी चांगली गोष्ट बुडवलीस. मला ते मान्य नाही. त्या वर्षी धावलेल्या प्रत्येकाचा आकडा खरा होता. त्यातली एक मुलगी पुढे पुण्याला अर्ध मॅरेथॉन धावायला गेली आणि परत येऊन म्हणाली, सर, तुमच्या दहाच्या वेळेवरून मी हिशेब केला होता, तेवढ्यातच पोचले. तीनशे मीटर सोडले असते तर शर्यत कदाचित आजही चालू असती, बॅनर मोठे झाले असते, आणि तिचा हिशेब चुकला असता. मी पुन्हा तिथे उभा राहिलो तरी नाहीच म्हणेन. तुझ्याकडे असा माणूस येईलच. तेव्हा त्याला नाव बिबवर दे, पाण्याच्या टेबलावर दे, हवं तर कमानीवरही दे. फक्त रेषा हलवायची नाही. मापात पाप नको, कितीही रुपयांसाठी नको.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आसरा चौकात ये. टायरमध्ये हवा आदल्या रात्रीच भरून ठेव, सकाळी भरू नकोस. टेप आणि खिळे मी आणतो. फेरे मोजायला एखादा शांत डोक्याचा मुलगा बरोबर घे, तो सारखा फोन बघणारा नको. आणि त्या कोटेशनवाल्यांना आजच नाही म्हणून कळव, उगीच त्यांची तारीख अडवू नकोस.

तुझे,
सर