'आकसापोटी' म्हणजे रागापोटी का? हा शब्द कुठे वापरावा?

सहकाऱ्याच्या तक्रार अर्जात 'आकसापोटी माझी बदली केली' असं वाचून तुम्ही विचारलंय, की आकस म्हणजे रागच का, आणि कापड आकसतं तोच हा शब्द का.

कापडाचं आधी सांगतो. तिथे आकसणं म्हणजे आखडणं, आटणं. आमच्या सोलापुरात सुती चादर घेताना दुकानदार म्हणतो, "पहिल्या धुण्यात जरा आकसेल." मनातल्या आकसाचा अर्थ मात्र वेगळा आहे.

आकस पुल्लिंगी. राग येतो आणि जातो. आकस धरतात, ठेवतात, बाळगतात. म्हणजे तो माणूस स्वतःहून सांभाळून ठेवतो. मराठीने हा फरक क्रियापदातच दाखवलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. एका दिवाळीला त्यांनी सगळ्यांसमोर बोनसचा हिशेब मागितला. मुकादम तेव्हा काहीच बोलला नाही. पुढे तीन महिने वडिलांना सलग रात्रपाळी, आणि माग कुठला, तर सारखं सूत तुटणारा, सगळ्यात जुना. कापड कमी निघायचं, पगारही कमी यायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं: "कामाची गरज आहे." आई म्हणायची, "त्यानं आकस धरलाय." जुनं कारण, वरून गप्प राहणं, आणि हातातल्या अधिकाराने नियमाच्या आडून दिलेला त्रास, एवढं सगळं त्या एका शब्दात आलं. आजही हा शब्द वाचला की मला तो माग आठवतो.

हेवा वेगळा, त्यात दुसऱ्याजवळचं काहीतरी आपल्याला हवं असतं. खुन्नस उघड असते, नजरेतच दिसते. डूख मात्र आकसाच्या अगदी जवळचा, पण त्यात दबा धरून डसणं आहे, म्हणून तो सापाला शोभतो. सरकारी कागदावर नाही.

अर्जात 'आकसापोटी' लिहिणं म्हणजे समोरच्याच्या हेतूवर आरोप करणं. हेतू दिसत नाही, म्हणून आधी घडलेलं तारखांसकट मांडावं आणि हा शब्द शेवटी आणावा. असं: 'मी 12 मार्चला ओव्हरटाइमची थकबाकी मागितली. 15 मार्चला माझी बदली झाली. माझ्या जागी अद्याप कोणालाही नेमलेले नाही. सबब ही बदली आकसापोटी झाली, असे माझे म्हणणे आहे.'