क्लिकनंतर वेट फॉर रिस्पॉन्स लावलं की टेस्ट सीआयवरच का लटकते?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की प्लेराइटची (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं टूल) टेस्ट लॅपटॉपवर पास होयलीय, सीआयवर (कोड टाकला की टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) मात्र 30 सेकंदांनी टाइमआउट, अन क्लिकनंतर 5 सेकंदांचा थांबा टाकला तर लोकलवर बी फेल. त्या थांब्यानंच तुमचं उत्तर दिलंय बघा.

तुमच्या कोडात आधी क्लिकला अवेट (म्हणजे हे काम होईपर्यंत थांब) आहे, त्याच्या खालच्या ओळीत वेट फॉर रिस्पॉन्सला, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघणाऱ्या फंक्शनला. ते फंक्शन मागचं बघत नाही, ते चालू झाल्यावर जे उत्तर येईल तेवढंच त्याला सापडतं. मी लातूरचा, घरूनच काम करतो, सोयाबीन-तुरीचे भाव दाखवणाऱ्या एका साइटच्या टेस्ट माझ्याकडं होत्या, त्यात हेच झालतं अन माझे दोन दिवस गेले. माझं नेट स्लो, भावाची यादी यायला वेळ लागायचा, तवर वेटची ओळ चालू झालेली असायची म्हणून टेस्ट पास, सीआयवर नेट फास्ट, यादी आधीच येऊन गेलेली. मी उगं टाइमआउट वाढवत बसलो. शेवटी ट्रेस, म्हणजे टेस्टची पायरीपायरीनं नोंद, काढला, नेटवर्कचा टॅब उघडला तर आधी क्लिक, लगेच 200 (सर्व्हरचं यशस्वी उत्तर) आलेलं, अन वेटची ओळ त्याच्यानंतर सुरू. एसटी गेल्यावर स्टँडवर थांबून काय उपयोग.

तर असं करा, वेट फॉर रिस्पॉन्स क्लिकच्या वर घ्या, पण तिथं अवेट लावू नका, त्यातून मिळणारं प्रॉमिस (पुढं येणाऱ्या उत्तराची पावती समजा) नुसतं एका व्हेरिएबलमधे ठेवा, मग क्लिकला अवेट, अन मग त्या व्हेरिएबलला अवेट. वर अवेट लावलं तर टेस्ट तिथंच अडकंल, क्लिक होणारच नाही, ही चूक लई जण करतेत.

अन तुमच्या कोडात फॉरईच लूपमधे एसिंक (आत अवेट वापरणारं) फंक्शन दिसलं, ते बी काढा. फॉरईच कुणासाठी थांबत नाही, सगळे क्लिक एकदमच सुटतेत, टेस्ट पुढं जाती अन एरर भलत्याच ओळीवर येती, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. साधा फॉर-ऑफ लूप लिहा. टाइपस्क्रिप्ट असंल तर टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा (कोडातल्या चुका दाखवणारं टूल) नो फ्लोटिंग प्रॉमिसेस हा नियम आजच चालू करा, सुटलेले अवेट तो लिहितानाच दाखवतो. मी लावला तेव्हा जुन्या फाइलीत 11 निघाले.

बदल केल्यावर रिपीट ईच 20 देऊन, म्हणजे प्रत्येक टेस्ट 20 वेळा, सीआयवरच चालवा, लोकलवर पास झाली म्हणून सोडू नका. तरी फेल झाली तर ट्रेसमधला क्लिकच्या आसपासचा भाग इथं टाका, बघतो मी.