मार्चमधली गारपीट कोल्ड फ्रंटमुळे होते का?

तुम्ही विचारलंय की भूगोलात शिकलेली शीत आघाडी, म्हणजे कोल्ड फ्रंट, आली म्हणूनच वर्ध्याकडे मार्चमध्ये गारा पडतात ना? नाही. कारण वेगळं आहे आणि शेती असणाऱ्याने ते नीट समजून घ्यायलाच हवं.

पुस्तकातलं चित्र युरोपचं. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये याकोब ब्यर्कनेस आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. तिथे ध्रुवाकडची थंड, जड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते आणि आघाडी सरकली की काही तासांत पारा घसरतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात भारतात पोचेपर्यंत ही जमिनीलगतची आघाडी पुसट झालेली असते. विदर्भापर्यंत तर ती सहसा येतच नाही.

आपल्याकडे भिडतात त्या कोरडी आणि दमट हवा. वायव्येकडून कोरडे वारे चालू असतात. बंगालच्या उपसागरावर प्रतिचक्रवात, म्हणजे जास्त दाबाभोवती घड्याळाच्या दिशेने फिरणारे वारे, बसला की ओडिशा-छत्तीसगडवरून दमट वारे आत शिरतात. दोन्हीकडे तापमान ३५ अंश असू शकतं, पण दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो, कोरड्या बाजूला ६ आणि दमट बाजूला १८. नुसता पारा बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

एवढ्यानेही गारा पडत नाहीत. पाच-सहा किलोमीटर उंचीवर पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, थंड हवा घेऊन यावी लागते. मग खालची तापलेली दमट हवा जोरात वर उसळते, आणि वरच्या वेगवान वाऱ्यांमुळे ढग तिरपा होऊन जास्त वेळ टिकतो. जुलैत एवढा पाऊस पडूनही गारा का नाहीत? तेव्हा शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्या वर पाणी गोठतं ती उंची, साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते, गार वाटेतच वितळते. मार्चमध्ये अशा वेळी ती चारेक किलोमीटरपर्यंत उतरते. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट पुन्हा पुन्हा होत राहिली. गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं, सगळं झोडपलं गेलं.

तेव्हा रोज सकाळी दवबिंदू बघा. तो एका दिवसात आठ-दहा अंशांनी चढला आणि वारा आग्नेयेचा झाला तर सावध व्हा. हवामान विभागाच्या अंदाजात विदर्भावर वाऱ्यांची खंडितता (वाऱ्याची दिशा एकदम बदलते ती रेषा) आणि वर पश्चिमी द्रोणी, दोन्हींचा उल्लेख असेल तर दुपारची वाट बघू नका. कापून ठेवलेला हरभरा सकाळीच झाका आणि जनावरं गोठ्यात बांधा.