पिकतं तिथं जा

प्रिय लेकरा,

तुझा मेसेज वाचला. पहिल्या पगारातून थोडे पैसे साठलेत, मित्रांचं मे महिन्यात गोव्याला जायचं ठरलंय आणि इकडं घरची विहीर तळाला गेलीय. "आई-बापू उन्हात आणि मी समुद्रावर, हे बरं दिसतं का सर?" असं विचारलंस. खाली एका ओळीत वाईनचंही विचारून घेतलंस, भीत भीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. तू गेला नाहीस म्हणून विहिरीला पाणी येणार नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा तू शाळेत होतास. त्या वर्षांनी तुमच्या पिढीच्या मनात एक गोष्ट बसवली: आपल्याकडं उन्हाळा म्हणजे फक्त सोसायचा. आमच्या पिढीनंही तुम्हाला तेच शिकवलं. मला ते कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागलेला नाही, म्हणून समुद्र आपला नाही असं थोडंच आहे?

पण मित्रांचा बेत वाचला आणि माझं डोकं फिरलं. स्विमिंग पूलवालं हॉटेल, पॅकेज, जेवणात पनीर आणि तंदुरी चिकन. हे तर संभाजीनगरच्या बायपासवरही मिळतं. त्यासाठी रात्रभर बसमध्ये कशाला अवघडायचं? मी एवढंच सांगत आलोय: जे जिथं पिकतं तिथं जाऊन खावं, आणि पिकतं तेव्हाच खावं. 'पिकतं तिथं विकत नाही' अशी म्हण आहे आपल्यात. विकत नसेल. पण चव तिथंच असते.

माझं ऐकशील तर दापोलीकडं हर्णैला जा. बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि वाळूवर मासळीचे ढीग. बोलीचा गलका पहिल्यांदा कळत नाही. उभा राहा, ऐक. कोळिणी भाव कसा फिरवतात बघ. मासा घेताना कल्ला उचलून पाहायचा, आत लालभडक हवा. डोळा स्वच्छ हवा, आणि बोटानं दाबलेली जागा लगेच वर आली पाहिजे. मग घरगुती खानावळीत तांदळाच्या भाकरीबरोबर खा. वर सोलकढी. मे महिन्यात तिकडं रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. त्यांची सालं उन्हात वाळवून सोलं करतात, ते होताना बघायला मिळालं तर चुकवू नकोस. मासे खायचे नसतील तर फणसाची भाजी आहे, नारळाच्या रसाबरोबर घावन आहे. करवंदं तर जाळीतून तोडून खायची. पनीर मात्र मागवू नकोस. मागवलंस तर मला सांगूही नकोस.

जायचं तर १ जूनच्या आत. १ जूनपासून यांत्रिकी बोटींची मासेमारी दोन महिने बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो तो. त्या दिवसांत थाळीत येतो तो बहुधा बर्फातला मासा. पिकतं तेव्हा म्हणतो ते याच्यासाठी.

आता एक गोष्ट नीट ऐक, इथं मी लाडानं बोलणार नाही. आपली पोरं विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि समुद्रालाही विहीर समजतात. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं, समुद्राचं ओढून नेतं. ओहोटी लागली की पाण्यात उतरायचं नाही. घरी कालनिर्णय लटकवलेलं असेलच, त्यातली तिथी बघ. तिथीचा आकडा पाऊणपट केला की कोकणात पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा तेवढीच, रात्रीही तेवढीच. भरतीनंतर सहा-एक तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा जोर जास्त. तरी हा अंदाज झाला. किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाय भिजवायचा नाही. आणि पोटात थेंबभर दारू असेल तर पाण्याकडं फिरकायचंच नाही. मित्र हसले तर हसू देत.

वाईनचं म्हणशील तर, तुझे बापू माळकरी आहेत, माझेही वडील होते. नको वाटत असेल तर नको म्हण आणि कारणं देत बसू नकोस. प्यायची असेल तर किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या ग्लासात काहीतरी ओतून घेण्यापेक्षा फेब्रुवारीत नाशिकला जा. मे महिन्यात वेलीवर काही नसतं. एप्रिलात खरड छाटणी होते, फळछाटणी पाऊस सरता सरता, आणि काढणी जानेवारी ते मार्च. बाग भरलेली असताना द्राक्ष चाखायचं, मग त्याच मातीतली वाईन. इकडची शेनिन ब्लाँसारखी पांढरी वाईन बहुधा ताजीच प्यायची असते, गार करून. वर्षानुवर्षं मुरवत ठेवण्यातली ती नव्हे. नाशिकच्या सुला वाईनरीची सुरुवात १९९९ ची, म्हणजे हा धंदा तुझ्याहून फार मोठा नाही. आपल्या जालन्यातल्या कडवंचीच्या लोकांनी शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षं उभी केली, तीही वाटेत बघ. मी वाईन घेतो हे आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. दोन-चार जणांनी त्यावरून बोलणं सोडलं. मी लपवली नाही, कुणाच्या पैशानं घेतली नाही, ज्या शेतकऱ्यानं द्राक्ष पिकवलं त्याच्याशी बोलून घेतली. यात चुकलं कुठं ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मोसंबीचा रस काढणाऱ्याला जो मान, तोच द्राक्षाचा काढणाऱ्याला का नसावा?

माझा भाऊ म्हणतो, उन्हाळ्याच्या रजा समुद्रावर घालवल्या नसत्या तर गावात प्लॉट झाला असता. झाला असता. त्याचा झालाय, त्याला कुलूप आहे.

जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. आमच्या बांधावर गावरान आंबे होते. शेंद्र्या, खोबऱ्या, शेप्या, झाडागणिक नाव आणि नावागणिक चव. आढी घातली की घरभर वास. सगळी झाडं एकेक करून वखारीला गेली. विहिरीला पैसे हवे होते, कुठं रस्ता आला, कुठं वाटण्या झाल्या. गावात पेटीतला हापूस यायला लागला आणि त्या झाडांना कुणी विचारीनासं झालं. शेप्याची चव कशी होती हे मी आता कुणाला दाखवू शकत नाही. बाजारात ती कधी गेलीच नव्हती, झाडाखाली होती तेवढीच. म्हणून ओरडतो, पिकतं तिथं जा. उद्या झाड असेलच असं नाही.

तेव्हा कोकणातून बापूंसाठी हापूसची पेटी आणायचा विचार सोड. तुमच्याच शेतात केशर आहे. मराठवाडा केशरला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तू त्यांना पेटी नेऊन देणार? त्यापेक्षा इकडून ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जा. जिच्या घरी जेवशील त्या बाईला दे, रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

आणि आई-बापूंचं. ते हर्णैपर्यंत येणार नाहीत, गुरं कोण बघणार म्हणतील. मग त्यांना पैठणला ने. जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे की. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, आणि आपल्यातली निम्मी माणसं तो फक्त पाणीसाठ्याच्या टक्क्यांत ओळखतात. नाथांचं दर्शन होईल, बापू नाही म्हणणार नाहीत. पाण्याकाठी बसून घरची धपाटी आणि दही खा. तू मासे खाणारा आहेस, तर धरणातली मरळ खाऊन बघ, त्यांच्यासमोर नको एवढंच.

मित्रांना हर्णै सांगून बघ. नाही म्हणाले तर एकटा जा. रजेचा अर्ज या आठवड्यात टाक, पुढच्या नको. केशर उतरायला लागले की मी तुमच्याकडं येणार आहे. आढीला पेंढा ठेव म्हणावं, बापूंना आजच सांग.

तुझा,
सर