कंपासपेटीतल्या गोळ्या

प्रश्न: मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. दिवाळीनंतर अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराचं, निदान झालं. स्टेरॉइडनं तोंड सुजलंय, वर्गातली मुलं ‘लाडू’ म्हणतात. काल त्याच्या कंपासपेटीत कागदात गुंडाळलेल्या नऊ गोळ्या सापडल्या. सासूबाई म्हणतात, सगळं वडापावनं झालं. मी संडासाच्या दाराशी उभी राहून विचारते, ‘रक्त पडलं का रे?’ तो बोलतच नाही. काय करू?
— एक आई, सांगली

उत्तर: ताई, आधी डॉक्टरांना फोन लावा, हे नंतर वाचा. स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. गोळी एकदम बंद झाली तर चक्कर, उलट्या, गळून जाणं असं होऊ शकतं; तसं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायला लावू नका. पुढचा डोस डॉक्टरच सांगतील.

पोरगा मूर्ख नाही हो. गोळी घेतली की लाडू, नाही घेतली की निदान चेहरा तरी आपला, असा त्याचा हिशेब आहे. डोस हळूहळू उतरला की सूजही उतरते, हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून कळू दे. स्टेरॉइड हे कायमचं औषध नव्हे. पुढच्या तपासणीला दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा. तुमच्यासमोर तो काही विचारणार नाही.

आणि त्या दारापासून हला. कितीदा जावं लागलं, रक्त किती, रात्री उठला का, हे डॉक्टरांना हवंच असतं. ते त्यानं स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहावं आणि रविवारी तुम्हाला दाखवावं. रक्त वाढलं, ताप आला, पोट फार दुखलं तर मात्र त्याच दिवशी सांगायचं, एवढा करार करा.

वडापावची निर्दोष सुटका. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मोठ्या आतड्यावर उलटते. खाण्यानं किंवा अभ्यासाच्या ताणानं हा आजार जडत नाही. त्रास वाढलेला असताना तिखट-तळलेलं सोसत नाही, तेव्हा टाळा. पण महिनोन्‌महिने मऊ भातावर ठेवू नका. वाढीचं वय आहे, वजन-उंची लिहून ठेवा. डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन देऊ नका, त्यानं आतड्याचा त्रास उसळू शकतो. कुणी सांगितलेलं चूर्णही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

शाळेत दाराजवळचा बाक आणि न विचारता बाहेर जायची मुभा मागा. दप्तरात एक जादा चड्डी असू द्या. बोर्डाच्या परीक्षेसाठी मुख्याध्यापकांशी आत्ताच बोला. वर्गात कुणाला कळावं, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

सासूबाई बीपीची गोळी घेत असतील तर त्यांच्या डबीशेजारी याची डबी ठेवा. नाश्ता झाला की दोघांनी एकमेकांना आठवण करावी. आजीला कामही मिळेल, आणि वडापावचा विषय मागे पडेल.